एक गाव, नऊ महिने आणि एक शिक्का : बॅनफील्डचं ‘मोंतेग्रानो’ आज कसं वाचायचं?



सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : “एकाच गावाचा अभ्यास करून थिसिस होतो का?” होतो. जगभर झालेला आहे. पण एका गावात जाऊन, काही महिने राहून, परत येऊन त्या गावाबद्दल एक मोठं विधान करायचं, यात नेमकी जोखीम कुठे असते, हे नियम पाठ करून कळत नाही. त्यासाठी एखादं गाजलेलं पुस्तक घेऊन त्याची शिवण उसवून बघावी लागते. आज तेच करू.

पुस्तक आहे अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एडवर्ड बॅनफील्ड यांचं ‘द मॉरल बेसिस ऑफ अ बॅकवर्ड सोसायटी’. प्रकाशन १९५८. विषय, दक्षिण इटलीतलं डोंगरावरचं एक छोटं गाव. पुस्तक लहान आहे, इंग्रजी सोपं आहे, दोन-तीन बैठकांत वाचून होतं. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, विकास अभ्यास, यांतल्या कुठल्याही विषयात संशोधन करणार असाल, तर ‘सोशल कॅपिटल’वरचं काहीही वाचताना हे नाव कधी ना कधी समोर येणारच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बॅनफील्ड यांनी गावात जे पाहिलं ते बहुतांशी खरं होतं. त्याचं जे कारण सांगितलं ते टिकत नाही. आणि ते का टिकत नाही याचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या पुस्तकातच आहे. म्हणूनच पद्धतिशास्त्राच्या चार पाठ्यपुस्तकांपेक्षा हे एक पुस्तक नीट वाचणं जास्त शिकवतं.

पुस्तक काय म्हणतं

बॅनफील्ड कुटुंब १९५४-५५ मध्ये नऊ महिने बासिलिकाता प्रांतातल्या एका गावात राहिलं. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो हे आपण शाळेत शिकलो. त्या बुटाच्या टाचेच्या आणि चवड्याच्या मधे जी खोलगट जागा आहे, तो बासिलिकाता. जुनं नाव लुकानिया. गावाचं खरं नाव क्यारोमोन्ते. पुस्तकात त्याला ‘मोंतेग्रानो’ हे टोपणनाव दिलं आहे. वस्ती सुमारे ३,४००. बहुतेक लोक शेतकरी आणि मजूर. जमीन तुकड्यातुकड्यांची आणि विखुरलेली. राहायचं डोंगरावरच्या गावात आणि शेतावर जायचं खाली चालत.

एडवर्ड यांच्या पत्नी लॉरा फासानो बॅनफील्ड यांना इटालियन येत होतं, त्यामुळे लोकांशी बोलण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता. मुखपृष्ठावर त्यांचं नाव ‘सहाय्य’ म्हणून येतं. (फील्डवर्कचा मोठा भार कोणी उचलला आणि लेखक म्हणून कोणाचं नाव लागलं, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे.) सुमारे सत्तर मुलाखती, जनगणनेची आकडेवारी, आणि मोजक्या लोकांना चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावण्याची मानसशास्त्रीय चाचणी, म्हणजे टीएटी, एवढी सामग्री.

त्यातून निघालेला निष्कर्ष ‘अमोरल फॅमिलिझम’ या नावाने प्रसिद्ध झाला. मराठीत आपण ‘नीतिनिरपेक्ष कुटुंबनिष्ठा’ म्हणू. आशय असा की या गावातला माणूस फक्त आपल्या चौकोनी कुटुंबाचा, तोही नजीकचा, भौतिक फायदा बघतो आणि बाकीचे सगळेही तसंच करत असणार असं गृहीत धरतो. म्हणून गावात संस्था उभी राहत नाही, सार्वजनिक काम होत नाही, पुढाऱ्यावर विश्वास बसत नाही. ही वृत्ती आली कुठून? बॅनफील्ड तीन गोष्टी एकत्र मांडतात : मृत्यूचं मोठं प्रमाण, जमीनधारणेची विशिष्ट स्थिती आणि एकत्र कुटुंबपद्धतीचा अभाव.

आधी श्रेय देऊ

टीका करायची म्हणजे पहिल्या पानापासून झोडपायचं, असं नसतं. या पुस्तकात तीन गोष्टी उत्तम आहेत.

पहिली, प्रश्न स्वच्छ आहे. ‘दक्षिण इटलीतील ग्रामीण जीवनाचा अभ्यास’ असा ढगळ विषय नाही. ‘या गावातले लोक एकत्र येऊन सार्वजनिक काम का करत नाहीत?’ एवढाच प्रश्न.

दुसरी, बॅनफील्ड पर्यायी स्पष्टीकरणं टाळत नाहीत. गरिबी, अज्ञान, वर्गावर्गांतलं वैर, जमिनीची मालकी, सरकारवरचा अविश्वास, दैववाद, अशी लोक नेहमी देतात ती कारणं ते एकेक करून हातात घेतात आणि ती का पुरेशी नाहीत हे सांगतात. गरिबीचंच बघा. ते म्हणतात, शेतकऱ्याकडे वर्षात रिकामे दिवस भरपूर असतात, मग सार्वजनिक कामाला एखादा दिवस द्यायला गरिबी कशी आड येईल? हा प्रतिवाद पटो न पटो, पण तो केलेला आहे.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, त्यांनी आपलं गृहीतक एका वाक्यात बांधलं आणि त्यातून सतरा उपनिष्कर्ष काढून दाखवले. म्हणजे चूक सापडेल अशी सोय त्यांनीच करून ठेवली. गुळगुळीत भाषेत लिहिलेल्या थिसिसवर टीकाच करता येत नाही, कारण त्यात पकडायला काही नसतं. बॅनफील्ड पकडायला देतात.

आता पकडू या.

तुलना कोणाशी केली?

पुस्तकाची सुरुवात इटलीत होत नाही. ती होते अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज या गावात. तिथल्या स्थानिक वृत्तपत्राचा एक अंक लेखक उघडतो. त्यात मंडळांच्या बैठका आहेत, निधी गोळा करण्याच्या मोहिमा आहेत, पालक-शिक्षकांचे कार्यक्रम आहेत. मग आपल्याला मोंतेग्रानोत आणलं जातं. इथे वृत्तपत्र नाही. शाळा पाचवीपर्यंतच. दवाखाना तासन्‌तास लांब, पोतेंझा शहरात. पडक्या मठात काही नन अनाथ मुलींना सांभाळतात. मुली याच भागातल्या, पण गावातल्या अर्धबेकार गवंड्यांपैकी एकानेही कधी दिवसभराचं काम फुकट करून दिलं नाही, की कुणी डुकराचं एखादं पिल्लू दिलं नाही.

वाचताना हे दृश्य मनात घट्ट बसतं. म्हणूनच थांबून विचारायला हवं की या दोन गावांत फरक फक्त वृत्तीचा आहे का? एका बाजूला मॉर्मन पंथीयांनी वसवलेलं, अमेरिकेच्या भरभराटीच्या काळातलं गाव. तिथे स्थानिक सरकारला स्वतःचा पैसा आहे, निर्णयाचा अधिकार आहे. दुसऱ्या बाजूला फॅसिस्ट राजवट आणि महायुद्ध यांतून नुकतं बाहेर पडलेलं, शतकानुशतकं जमीनदारांच्या हाताखाली राहिलेलं गाव. हवामान, मालकी, कायदा, इतिहास, सगळंच वेगळं. दहा गोष्टी वेगळ्या असताना त्यांतली एक उचलून ‘फरक हिच्यामुळे’ म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा बारीक आहे, पण आपल्यासाठी जास्त कामाचा. सेंट जॉर्जच्या तुलनेत मोंतेग्रानोची यादी ही सगळी ‘नाही’ची यादी होते. वृत्तपत्र नाही, मंडळ नाही, देणगी नाही. एकदा का ‘नाही’ची यादी वहीत तयार झाली, की ‘काय आहे’ ते डोळ्यांना दिसेनासं होतं. दक्षिण इटलीत बाप्तिस्म्याच्या वेळी जोडलं जाणारं धर्मपित्याचं नातं हे रक्ताबाहेरचं नातं आहे. त्यातून दोन कुटुंबं आयुष्यभर बांधली जातात. संतांच्या उत्सवाची वर्गणी असते, मिरवणूक असते. हे सहकार्य नव्हे का? ते पीटीएच्या बैठकीसारखं दिसत नाही, एवढंच.

राखदाणीचा पुरावा

आता पुस्तकातलाच एक तपशील. गावच्या कारभारावर वरून नियंत्रण किती, हे सांगताना बॅनफील्ड लिहितात की नगरपालिकेला कचेरीसाठी साधी राखदाणी घ्यायची तरी पोतेंझाची मंजुरी लागते. प्रांताचा प्रीफेक्ट रोममधून नेमलेला. पोलीस, शाळा, रस्ते, सगळ्यांचे वरिष्ठ बाहेर. गावच्या महापौराच्या हातात जवळपास काहीच नाही.

मग विचारा : जिथे निवडून आलेला माणूससुद्धा एक राखदाणी घेऊ शकत नाही, तिथे सामान्य शेतकऱ्याने दवाखान्यासाठी मंडळ काढलं नाही, याला ‘वृत्ती’ म्हणायचं की ‘हिशेब’?

इटालियन समाजशास्त्रज्ञ अलेस्सांद्रो पित्सोर्नो यांनी १९६० च्या दशकात नेमका हाच धागा पकडला. त्यांच्या मांडणीचा कल्पनाशब्द आहे ‘ऐतिहासिक सीमांतता’. असं गाव देशाच्या अर्थकारणाच्या आणि सत्तेच्या पार काठावर असतं. तिथे स्थानिक पातळीवर कितीही खटपट केली तरी परिस्थिती बदलत नाही, कारण बदलाच्या किल्ल्या तिथे नसतातच. अशा वेळी सार्वजनिक कामात वेळ न घालवणं हा मागासलेपणा नसून शहाणपणा असतो. उलट जो निघून जातो, स्थलांतर करतो, तोच शहाणा ठरतो.

आणि दक्षिणेतले लोक निघून गेलेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून लाखोंनी. न्यूयॉर्कसारख्या शहरांत पोचल्यावर या ‘सहकार्य न करणाऱ्या’ लोकांनी काय केलं? आपापल्या गावाच्या आणि ग्रामदैवत-संताच्या नावाने परस्परसाहाय्य मंडळं काढली. आजारपणाला मदत, अंत्यविधीचा खर्च, उत्सव. म्हणजे लोक त्याच मुलखातले, संस्कारही तेच. बदललं काय? परिस्थिती. वृत्ती हेच कारण असतं, तर ती बोटीत बसून सोबत गेली असती.

शेजारच्या गावातला दवाखाना

माझ्या मते बॅनफील्ड यांच्या मांडणीला सगळ्यात जड जाणारं उदाहरण त्याच प्रांतात आहे. त्रिकारिको हेही बासिलिकातामधलं डोंगरी गाव. १९४६ मध्ये तिथे रोक्को स्कोतेल्लारो नावाचा तेवीस वर्षांचा तरुण समाजवादी पक्षाकडून महापौर झाला. तो कवीही होता. १९४७ मध्ये त्याच्या पुढाकाराने, बिशपांच्या साथीने आणि लोकांच्या हातभाराने त्रिकारिकोत दवाखाना उभा राहिला. समाजवादी महापौर, कॅथलिक बिशप आणि गरीब शेतकरी एका कामात एकत्र! मोंतेग्रानोच्या लोकांनी जे केलं नाही म्हणून पुस्तक लिहिलं गेलं, ते त्याच प्रांतात सात-आठ वर्षं आधी घडलं होतं.

पुढे काय झालं तेही महत्त्वाचं. १९५० मध्ये स्कोतेल्लारोला गैरव्यवहाराच्या आरोपावरून तुरुंगात टाकलं. आरोप टिकला नाही, तो सुटला, पण राजकारणातून बाहेर पडला. १९५३ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी वारला. दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या जीवनकहाण्यांचं त्याचं अपुरं राहिलेलं पुस्तक मृत्यूनंतर १९५४ मध्ये आलं. म्हणजे बॅनफील्ड ज्या वर्षी शेतकऱ्याला चित्र दाखवून ‘यावर गोष्ट सांग’ म्हणायला पोचत होते, त्याच वर्षी शेतकऱ्याने स्वतःच्या आयुष्याची सांगितलेली गोष्ट छापून येत होती.

त्याच्या थोडं आधी, युद्धानंतरच्या वर्षांत, दक्षिणेत ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या पडीक जमिनी एकत्र जाऊन ताब्यात घेतल्या होत्या. झेंडे, बैल, नांगर, बायकामुलं घेऊन. २९ ऑक्टोबर १९४९ रोजी कालाब्रियातल्या मेलिस्सा इथे पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. १९५० मध्ये सरकारला जमीन सुधारणेचे कायदे करावे लागले. ‘नजीकचा कौटुंबिक फायदा’ एवढंच बघणारा माणूस दुसऱ्यांसोबत बंदुकीसमोर उभा राहत नाही.

कुणी म्हणेल, त्रिकारिको आणि मेलिस्सा म्हणजे मोंतेग्रानो नव्हे. बरोबर. पण पुस्तकाचं नाव बघा. त्यात ‘मोंतेग्रानो’ नाही, ‘सोसायटी’ आहे. एका गावाबद्दल बोलायचं असेल तर शेजारचं गाव बघायची सक्ती नाही. ‘समाजा’बद्दल बोलायचं असेल तर मात्र आहे.

‘जणू काही’ची पळवाट

बॅनफील्ड असं म्हणत नाहीत की गावकरी हा नियम जाणीवपूर्वक पाळतात. ते म्हणतात, लोक ‘जणू काही’ हा नियम पाळत असल्यासारखे वागतात. अर्थशास्त्रात अशी मांडणी चालते. इथे अडचण अशी की नियम वागण्यावरून काढला आणि मग त्याच वागण्याचं कारण म्हणून वापरला. लोक सहकार्य का करत नाहीत? कारण ते नीतिनिरपेक्ष कुटुंबनिष्ठ आहेत. हे कशावरून? कारण ते सहकार्य करत नाहीत. हा वर्तुळाकार युक्तिवाद झाला.

वर्तुळातून बाहेर पडायला स्वतंत्र पुरावा लागतो. तो म्हणून टीएटी चाचणी येते. मोंतेग्रानोतल्या गोष्टींमध्ये संकटं, मृत्यू, अचानक कोसळणारी आपत्ती फार. उत्तर इटलीतल्या रोव्हिगो आणि अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या ग्रामीण लोकांच्या गोष्टींत तसं नाही. पण ज्या गावात मृत्यूचं प्रमाण खरोखर मोठं आहे (हे बॅनफील्डच सांगतात), तिथल्या माणसाच्या गोष्टीत मृत्यू आला तर तो त्याच्या ‘एथॉस’चा पुरावा की त्याच्या अनुभवाचा? शिवाय १९५५ साली दक्षिण इटलीतल्या गरीब शेतकऱ्यासमोर एक अमेरिकन पाहुणा बसला आहे आणि तो चित्र दाखवून गोष्ट विचारतो आहे. अशा पाहुण्याला माणूस सुखाची गोष्ट सांगेल की दुःखाची? संशोधक खोलीत असल्याने उत्तर बदलतं, हे तेव्हाही माहीत होतं.

टीकाकारांनी काय केलं

इथे एक लिटरेचर रिव्ह्यूची युक्ती शिकून घ्या. टीकाकारांची नावं एका रांगेत लावू नका. प्रत्येकाने मांडणीचा कुठला खांब हलवला, ते लिहा.

फ्रँक कॅन्सियन यांनी १९६१ मध्ये लेख लिहिला. ते स्वतः १९५७ मध्ये दक्षिणेतल्याच लाचेदोनिया या गावात राहिले होते. त्यांनी शेतकऱ्याच्या राजकीय वागण्याचा संबंध त्याला जग आणि सत्ता कशी दिसते याच्याशी जोडला. (त्यांनी तिथे काढलेले हजाराहून जास्त फोटो पुढे त्या गावातच प्रदर्शित झाले. बाहेरच्या संशोधकाने नेलेलं गावाला परत मिळण्याचं हे एक दुर्मीळ उदाहरण.) पित्सोर्नोंनी प्रश्नच बदलला, ते वर पाहिलं. सिडेल सिल्व्हरमन यांनी १९६८ मध्ये कार्यकारणाची दिशा उलटवली. त्या मध्य इटलीत काम करत होत्या. तिथली बटाईची पद्धत स्थिर होती, एक कुटुंब एकाच शेतावर दीर्घकाळ राहायचं, त्यातून मालक-कुळ आणि शेजारी-शेजारी असे टिकाऊ संबंध तयार व्हायचे. दक्षिणेत जमिनीचे तुकडे, अल्पकाळाचे करार, आज मजूर तर उद्या कूळ. अशात टिकाऊ गट तयार होणार कसे? म्हणजे ज्याला बॅनफील्ड कारण म्हणतात, ते शेतीच्या रचनेचा परिणाम आहे. इतिहासकार विल्यम मुरास्किन यांनी १९७४ मध्ये लेखाचं शीर्षकच बॅनफील्ड यांच्या पुस्तकाच्या नावावर उलटवलं आणि ‘मागास’ हे विशेषण समाजाऐवजी समाजशास्त्रज्ञाला लावलं.

१९७६ मध्ये बॅनफील्ड यांच्या पुस्तकाची एक इटालियन आवृत्ती आली ती दोमेनिको दे मासी यांच्या संपादनाखाली, टीकालेखांसह. एका मुखपृष्ठाच्या आत मूळ मांडणी आणि तिचे विरोधक, असं वाचायला मिळणं भाग्याचं. पुढे १९९३ मध्ये रॉबर्ट पटनम यांनी ‘मेकिंग डेमॉक्रसी वर्क’मध्ये उत्तर-दक्षिण फरकाची मुळं थेट मध्ययुगापर्यंत नेली आणि जुना वाद नव्या शब्दांत सुरू झाला.

त्याच रस्त्याने गेलेले दोन पाहुणे

बॅनफील्ड यांना एकट्याने वाचू नका. त्यांच्यासोबत आणखी दोघांना वाचा.

कार्लो लेवी तुरिनचा डॉक्टर आणि चित्रकार. मुसोलिनीच्या सरकारने त्याला फॅसिझमविरोधी म्हणून १९३५ मध्ये लुकानियात नजरकैदेत पाठवलं, आधी ग्रासानो, मग आल्यानो. त्यावरचं त्याचं ‘क्राइस्ट स्टॉप्ड ॲट एबोली’ १९४५ मध्ये आलं. लेवी संशोधक नव्हता, पण डॉक्टर असल्यामुळे त्याला घराच्या आतल्या खोलीपर्यंत जाता आलं. सत्तेने ज्याला शिक्षा दिली त्याच्याशी लोक वेगळं बोलतात. त्यामुळे रोमपासूनचं अंतर, कर, मलेरिया, दूरचं आणि परकं सरकार, हे सगळं त्याच्या पुस्तकात ठळक आहे आणि बॅनफील्डकडे पार्श्वभूमीला. पण लेवीचाही दोष आहे. त्याचे शेतकरी इतिहासाच्या बाहेरचे, काळ थांबलेले वाटतात. पुस्तक येऊन चार-पाच वर्षं होतात न होतात, तोच हेच शेतकरी जमिनी ताब्यात घ्यायला निघाले.

एर्नेस्तो दे मार्तिनो नेपल्सचा, म्हणजे दक्षिणेतलाच. १९५९ च्या उन्हाळ्यात तो सालेंतोत, नार्दो-गालातिना भागात गेला. तिथे कोळी चावल्याचं मानून संगीताच्या तालावर नाचत बरं होण्याची प्रथा होती, तारांतिझ्म. तो एकटा गेला नाही. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, संगीताचा अभ्यासक, मानवशास्त्राची अभ्यासक, छायाचित्रकार, असा चमू नेला. १९६१ च्या पुस्तकात त्याने या प्रथेला निव्वळ आजारही म्हटलं नाही आणि निव्वळ अंधश्रद्धाही. गरीब, दबलेल्या, विशेषतः स्त्रियांच्या जगण्यातली ती संकटाला आकार देणारी एक ऐतिहासिक पद्धत, असं तो म्हणाला. त्याचा आग्रह असा की संशोधकाने आपल्या मोजपट्ट्या पूर्ण टाकून देता येतात असं भासवू नये, पण त्या कुठून आल्या हे मात्र उघड तपासावं. सेंट जॉर्जची मोजपट्टी हातात घेताना हा तपास झाला असता, तर बॅनफील्डचं पहिलं प्रकरण वेगळं झालं असतं.

टोपणनाव गावाला वाचवत नाही

एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये आपण ‘गावाचं नाव बदलण्यात येईल’ असं एका ओळीत लिहून मोकळे होतो. मोंतेग्रानो म्हणजे क्यारोमोन्ते हे आज कुठेही सहज सापडतं. ‘फामिलिझ्मो आमोराले’ हा शब्द इटालियन वर्तमानपत्रांत, राजकीय भांडणांत, दक्षिणेला टोमणा मारायला सर्रास वापरला गेला. सत्तर लोकांशी बोलून तयार झालेला शब्द कोट्यवधी लोकांवर चिकटला. नाव बदलल्याने गावाची ओळख लपत नाही, आणि लपली तरी शिक्का पुसला जात नाही. लेवीनेही आल्यानोचं ‘गाल्यानो’ केलं होतं. पण त्याची इच्छा होती म्हणून त्याला पुरलं गेलं ते आल्यानोच्याच दफनभूमीत. गावाशी नातं कसं राहिलं, हा टोपणनावापेक्षा मोठा प्रश्न आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

हे सगळं इटलीचं झालं. आपल्याकडच्या ग्रामीण विषयांवरच्या प्रबंधांचं शेवटचं प्रकरण उघडून बघा. ‘लोकांमध्ये जनजागृतीचा अभाव आहे’, ‘ग्रामस्थांमध्ये उदासीनता आढळते’, ‘एकजूट नाही’. हे बॅनफील्डचंच वाक्य आहे, फक्त त्याने निदान सतरा उपनिष्कर्ष काढायची मेहनत केली होती. म्हणून फील्डवर जाण्याआधी हे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

१. ज्या गोष्टी लोक ‘करत नाहीत’ असं मी म्हणतोय, त्या करणं त्यांच्या हातात आहे का? ग्रामसभेला लोक येत नाहीत, असं लिहिण्याआधी ती किती वाजता भरते, मजुरी बुडवून यावं लागतं का आणि तिथे ठरलेलं पुढे कोण अडवतं, ते बघा. तुमची राखदाणी शोधा.

२. माझं सेंट जॉर्ज कोणतं? प्रत्येकाच्या डोक्यात एक आदर्श गाव असतं. ते कागदावर आणा, म्हणजे त्याची मोजपट्टी किती योग्य ते तपासता येईल.

३. माझं त्रिकारिको कुठे आहे? त्याच तालुक्यात, तशाच परिस्थितीत उलट घडलेलं एक तरी उदाहरण शोधून सिनॉप्सिसमध्येच नोंदवा. गाइड विचारतील त्याआधी.

४. माझ्याशी कोण बोललं आणि मी त्यांना कोण वाटलो? सरकारी सर्वेवाला, योजनेवाला, पत्रकार, की कुणाचा तरी पाहुणा?

५. माझा शब्द गावात गेला तर? निष्कर्षाला दिलेलं नाव त्या गावातल्या शाळेत मोठ्याने वाचून दाखवता येईल का? वाचता येणार नसेल तर शब्द बदला असं मी म्हणत नाही. पण पुरावा तेवढा भक्कम आहे का, ते पुन्हा बघा.

वाचनाचा क्रम असा ठेवा : आधी बॅनफील्डचं पहिलं ते पाचवं प्रकरण, मग सिल्व्हरमनचा लेख, मग लेवी, आणि शेवटी बॅनफील्ड पुन्हा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बसा आणि ज्या ज्या ओळीत लेखकानेच स्वतःच्या निष्कर्षाविरुद्धचा तपशील दिला आहे, तिथे खूण करा. पंधरा-वीस खुणा सहज होतील. नंतर तीच पेन्सिल घेऊन स्वतःच्या फील्ड नोट्स वाचा.